अडुसष्टावा दिवस



नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गालगत जवाहरनगर लागतं. आयुध निर्माणीची ही वसाहत आहे. इथं दारूगोळ्याला लागणारी स्फोटकं तयार होतात. काम जोखमीचं आहे. २४ जानेवारी २०२५ ला इथं स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले आणि आजूबाजूच्या गावांतली घरं हादरली. तरीही पंचक्रोशीत ‘नोकरी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हीच निर्माणी येते, कारण इथल्या कायम कामगाराला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळतो.

त्या पगाराच्या चिठ्ठीत कपातीच्या रकान्यात एक छोटी ओळ असते, व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बहुतेकांची नजर त्या ओळीवरून तशीच पुढे जाते. १९७५ च्या कायद्यानं महाराष्ट्रानं हा कर बसवला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. पगारदारानं थोडं द्यायचं आणि त्यातून गावातल्या बिनकामाच्या हाताला काम मिळायचं, अशी ती योजना होती.

तिच्यामागे वि. स. पागे होते. ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग आधी करून पाहिला गेला. मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं खडी फोडायला, नालाबांध घालायला रस्त्यावर आली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ साल उजाडलं. बसून मदत द्यायची नाही, मागेल त्याला काम द्यायचं आणि त्या कामातून गावाच्या पदरात काही टिकाऊ पडायला हवं, हे पागे यांचं सूत्र. भंडारा जिल्ह्यात ते आजही दिसतं. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, त्यांचा गाळ उन्हाळ्यात रोजगार हमीच्या मजुरांच्या घमेल्यांनी पाळीवर येतो. पहाटेच काम सुरू करावं लागतं, कारण दहा वाजल्यानंतर तलावाचा तळ तापून पाय ठेवू देत नाही. बाया डोक्यावर चुंबळ ठेवून ओल्या गाळाचं घमेलं घेतात आणि तिरप्या पाळीवरून वर चढतात. मजुरी ठरते ती किती माती निघाली याच्या मोजमापावर. माप कमी भरलं की दिवसभर राबूनही पूर्ण दर हाती येत नाही.

२०२५-२६ साठी महाराष्ट्राचा हा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. ही रक्कम कमीच आहे. पण काम मागूनही मिळालं नाही, तर २००५ च्या कायद्यात बेरोजगार भत्ता आहे, आणि तो किती? अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, म्हणजे ७८ रुपये. त्यानंतर किमान निम्मा, १५६ रुपये. काम करणारा घरी बसणाऱ्यापेक्षा वरचढ राहावा, याची काळजी कायद्यानंच घेतली आहे.

तरीही दर पावसाळ्यात, रोवणीला जोर आला की, गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. फुकटचं धान्य मिळतं, लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात, मग बाया कामाला कशाला येतील? पऱ्हे तयार आहेत, बांधीत चिखल झाला आहे आणि रोवायला हात नाहीत, अशा वेळी शेतकऱ्याचा जीव तुटतो. त्याची अडचण खरी आहे. त्यानं काढलेलं कारण मात्र हिशेबात बसत नाही.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. रोजगार हमीच्या पाच दिवसांच्या मजुरीइतकेही ते भरत नाहीत. रेशनचं पाच किलो मोफत धान्य हा मोठा आधार आहे, पण त्यात तेल, मीठ, मुलांच्या वह्या, दवाखाना येत नाही. एवढ्यावर कुणी काम सोडत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी रोख मदत योजनांची आकडेवारी तपासली. पैसे मिळाल्यामुळे लोक काम कमी करतात, असा ठोस पुरावा त्यांना कुठंच सापडला नाही.

मग बदलतं काय? ताप आलेला असतानाही चिखलात उतरावंच लागेल, ही सक्ती थोडी सैल होते. पडेल त्या मजुरीला मान हलवण्याऐवजी बाई ‘दहा-वीस रुपये वाढवा’ असं म्हणू शकते. रोवणी ठेक्याने घेणाऱ्या बायांची टोळी चार शेतकऱ्यांशी बोलून मग दर ठरवते. याला आळस म्हणणं अन्याय आहे. घरात दोन पैसे असलेला कुठलाही माणूस असंच वागतो.

लाडकी बहीणमध्ये कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यामुळे मजुरी केली म्हणून गरीब बाईचे पैसे बंद होत नाहीत. खरी अडचण दुसऱ्या योजनेत आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना विधवा, परित्यक्ता, अपंग, गंभीर आजारी अशा लोकांसाठी आहे. २०२३ पासून विधवांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. एवढी रक्कम आधीच मिळते म्हणून अशा बाईला लाडकी बहीणचा लाभ वेगळा मिळत नाही. अनुदानासाठी विधवेच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५०. या आकड्यात घर चालत नाही, हे उत्पन्नाचा दाखला लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणारीलाही.

आता २०२५-२६ च्या दराने एक हिशेब मांडून पाहू. जवाहरनगरच्या आसपासच्या एखाद्या गावात एक विधवा बाई आहे, घरात दुसरा कमावता नाही, असं धरू. तिला वर्षाचं अनुदान मिळतं १८,०००. ती तलावाच्या कामावर ६७ दिवस गेली, तर मजुरी होते २०,९०४ रुपये. मर्यादेच्या आत. दोन्ही मिळून वर्षाकाठी ३८,९०४ रुपये. अडुसष्टाव्या दिवशी मजुरी २१,२१६ वर जाते. नियम शब्दशः लावला तर अनुदान गेलं. आणि तिनं २००५ च्या कायद्यानं दिलेले शंभर दिवस पूर्ण केले, तर मजुरी ३१,२०० आणि अनुदान शून्य. तेहेतीस दिवस जास्त राबून ती ७,७०४ रुपयांनी गरीब झाली. आधीच्या जागी परत यायला तिला १२५ दिवस घमेलं वाहावं लागेल.

एका हातानं सरकार कामाची हमी देतं आणि दुसऱ्या हातानं अडुसष्टाव्या दिवशी आधार काढून घेतं. ही गोष्ट मनाला लागते, कारण या दोन्ही योजना गरिबाच्या कळवळ्यातूनच आल्या आहेत. शिवाय रोजगार हमीची मजुरी बँक खात्यात येते, तिची नोंद राहते. शेतावरची मजुरी संध्याकाळी हातात पडते, तिची नोंद कुठं नसते. अनुदान जाईल या धास्तीनं बाईनं नोंदीचं, हक्काचं काम टाळलं आणि बिननोंदीचं, कमी पैशाचं काम धरलं, तर तिला दोष कसा द्यायचा?

विलायतेत हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या गाजला. तिथल्या आताच्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या मदतीत कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की पुढच्या दर पौंडामागे ५५ पेन्स मदत कमी होते. म्हणजे शंभर पौंड जास्त कमावले, तर ४५ हातात राहतात. तेही फार नाहीत आणि त्यावर तिथं वाद चालूच आहेत. पण मदत हळूहळू उतरत जाते. आपल्याकडे एका दिवसाच्या मजुरीपायी वर्षाचे १८,००० रुपये पणाला लागतात.

आपल्याला तेवढी गुंतागुंतीची यंत्रणा उभारायचीही गरज नाही. रोजगार हमीच्या पहिल्या शंभर दिवसांची मजुरी निराधार अनुदानाच्या उत्पन्नात धरू नये, एवढं एक वाक्य शासन निर्णयात आलं तरी पुरे. या मजुरीची प्रत्येक नोंद सरकारच्या संगणकात आधीच आहे, ती वजा करायला नवा दाखलाही लागणार नाही. किंवा २१ हजारांची मर्यादाच मजुरीच्या दराशी जोडावी. २००६ मध्ये हमीची योजना देशात सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात दिवसाला ४७ रुपये मिळत होते. २०२५-२६ मध्ये ते ३१२ झाले आणि दर एप्रिलला नवा दर लागू होतो. त्याच दिवशी अनुदानाच्या मर्यादेचाही नवा आकडा जाहीर करता येईल. तलावांची कामं उन्हाळ्यात निघतात, त्याच्या आत हे झालं, तर या हंगामात एखादी विधवा शंभर दिवसांचं हजेरीपत्रक बिनघोर पूर्ण करील.