‘माइंड’ आणि मन



‘माइंड’ हा इंग्रजीतील नित्य व्यवहाराचा शब्द होय. ‘माइंड द स्टेप’ म्हणजे पायरी सांभाळा. ‘डू यू माइंड?’ म्हणजे आपली हरकत नाही ना? ‘चेंज ऑफ माइंड’ येथे निश्चय बदलतो, तर ‘बेअर इन माइंड’ येथे स्मरण ठेवावयाचे असते. प्राचीन इंग्रजीत ह्या शब्दाचा एक मुख्य अर्थ स्मृति हाच होता. स्कॉटलंडात ‘आय माइंड’ म्हणजे ‘मला आठवते’. आपले ‘मनस्’ व ‘मति’ आणि लॅटिन ‘मेन्स’ हे त्याचेच सगोत्र शब्द.

परंतु गोत्र एक म्हणून अर्थ एक, असे होत नाही. देकार्त ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने 1641 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विचार करणारे मन व विस्तार असणारा देह ही भिन्न द्रव्ये मानली. तेव्हापासून पाश्चात्त्य वाचकाला ‘माइंड’ म्हटले की बहुधा जाणणारा तोच, असे वाटते. आमच्या शास्त्रांची वाटणी निराळी आहे. न्याय-वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत आत्मा आणि मन ही वेगळी गणली. ज्ञानाचा आश्रय आत्मा. मन हे अणुपरिमाण साधन. एका क्षणी अनेक ज्ञाने होत नाहीत, हे त्याचे गमक. सांख्यांनी मनाला अकरावे इंद्रिय म्हणून जड प्रकृतीकडे ठेविले. वेदान्तात संकल्पविकल्प करणारे मन, निश्चय करणारी बुद्धि, स्मरण करणारे चित्त आणि ‘मी’ म्हणणारा अहंकार, असे अंतःकरणाचे चार भेद आहेत. इंग्रजीत ह्या चौघांचेही काम पुष्कळदा एकटा ‘माइंड’ करतो.

हा केवळ कोशातील वाद नव्हे. परप्रांतांत स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले शास्त्रार्थ इंग्रजीतूनच वाचतात. ‘माइंड’ म्हणजे जाणणारा मी, अशी समजूत घेऊन ती भाषांतराकडे वळली, तर मनाचा क्षोभ तोच माझा क्षोभ ठरेल. मग मनालाही पाहणारा साक्षी कोठे उरला? गुरूंनी ज्यासाठी उपदेश केला, तेच हातचे निसटेल.

म्हणून द्वैभाषिक ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांस माझी नम्र विनंती आहे की, इंग्रजी भागात ‘मनस्’ हा शब्द तसाच ठेवावा व प्रथम येईल तेथे त्याचे कार्य सांगावे. बुद्धि व चित्त ह्यांनाही तोच न्याय लावावा. वाचकाला एक ओळ अधिक वाचावी लागेल. पण आत्म्याच्या जागी मनाची स्थापना होणार नाही.

इति शम्.