पाच धांड्यांची कोजागिरी

सुट्टीत पाहुण्यांची मुलं दारव्ह्यात आली की दुसऱ्याच दिवशी विचारतात, ‘इथं बघायला काय आहे?’ मागच्या वर्षी हा प्रश्न माझ्या नातीनं विचारला. वय वर्षे नऊ, मुक्काम पुणे. अष्टमीला आली ती कोजागिरी करूनच जाणार होती. म्हणजे आठवडाभर तिला रमवायचं होतं.

मला काळजी नव्हती. पाऊस ओसरला, आश्विन लागला की आमच्या भागासारखा भाग नाही. ऊन असतं, पण बोचत नाही. बाजारात सीताफळांच्या पाट्या येतात, झेंडूचे ढीग लागतात. शिवाय गाव वाढतंय. मी शिक्षिका म्हणून इथं आले तेव्हा संध्याकाळी बसस्थानकापर्यंत चालत जाणं हीच करमणूक होती. आता मुलं कॅफेत बसतात, दिवे लावून रात्री क्रिकेट खेळतात.

पहिल्या रात्री आम्ही यवतमाळला देवी बघायला गेलो. चाळीसेक किलोमीटरचा तर रस्ता. कोलकात्याखालोखाल दुर्गोत्सव आमचाच, असं यवतमाळकर छातीठोकपणे सांगतात. खरंखोटं कोण मोजणार? पण पहाटेपर्यंत गर्दी हटत नाही, हे खरं. नात खूश झाली. पुण्यात गणपती आणि इथं देवी, एवढी वाटणी तिनं मान्य केली.

दुसऱ्या दिवशी मोतीबाग. हे आमचं जुनं रेल्वे स्थानक. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला इथं थांबायची. अडीच फुटांचा रूळ, ११३ किलोमीटरचा मार्ग. इंग्रज कंपनीनं तो वऱ्हाडाचा कापूस मुख्य लाइनपर्यंत न्यायला टाकला. तिथून कापूस मुंबईला आणि बोटीनं मँचेस्टरला जाई. गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. ते १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल इंजिन आलं आणि पुढे गेल्या दशकात गाडीच थांबली. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मोठ्या लाइनकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. नव्या लाइनचं काम बघायला संध्याकाळी घरंच्या घरं जातात. ‘काय बघता?’ म्हणून विचारलं तर म्हणतात, ‘मुरमाचा ढीग.’ पण त्या ढिगावर उभं राहून पोरं पुण्या-मुंबईच्या गाडीची स्वप्नं बघतात. आमच्या गावचं हेही प्रेक्षणीय स्थळच म्हणायचं!

दसऱ्याला सोनं वाटून झालं. एक दिवस धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. एक दिवस शेजारच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा–सोहोळ अभयारण्यात काळविटं बघितली. माझी यादी संपत आली आणि कोजागिरी दोन दिवसांवर आली.

आता आमच्या ले-आउटविषयी सांगते. तीस-पस्तीस घरं आहेत. कुणी नोकरीनिमित्त आलेले, कुणी मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून उठून आलेले. प्रत्येकाचं फाटक बंद. समोरच्या बाईचं नाव मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी तिनंच पुढाकार घेऊन भुलाबाई बसवली.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. भाद्रपद पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोबा, म्हणजे पार्वती-शंकर, घरी बसवायचे. पार्वती महिन्यासाठी माहेरी आली असं समजायचं. रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची. मग डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि नावं घेत सुटायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. आमच्याकडे कोजागिरीला तेहतीस खिरापती करतात. त्या रात्री भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांची माडी बांधतात आणि चांदण्यात दूध पितात.

खिरापती घराघरांत वाटून दिल्या. दूध सांगितलं. धांडे आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बोलून बसले, ‘त्यात काय, चार पावलांवर शेत आहे.’

नातीला घेऊन निघाले. चार पावलांवर सोयाबीन. त्यापुढे कापूस. त्यापुढे तूर, पुन्हा सोयाबीन. दोन तास फिरलो. नातीनं विचारलं, ‘आजी, ज्वारी कशी दिसते?’ मी दाखवणार कशी? शेवटी ओळखीचे एक म्हातारे शेतकरी बैलांना पाणी पाजताना भेटले. त्यांना विचारलं तर हसले.

‘बाई, जवारी पेरते कोन आता? पेरली त डुकरं ठेवत नाही, उरली ते पाखरं खातात. भावही नाही. धांडे कायचे शोधता?’

मी म्हटलं, भुलाबाईसाठी. ते जरा थांबले. म्हणाले, ‘तुमी राहता ना, ते वावर जवारीचंच होतं. म्या तिथं जागल केली हाये. तवा पोरी न विचारता धांडे तोडून नेत. आमी बघितलं तरी न बघितल्यासारखं करू.’

मला काय बोलावं सुचेना. ज्या जमिनीवर माझं घर आहे, तिथलंच पीक मी गावभर शोधत होते. त्यांनी बैलांसाठी धुऱ्यावर दोन ओळी पेरल्या होत्या. विळ्यानं पाच धांडे कापून नातीच्या हाती दिले. पैसे घेतले नाहीत. मी त्यांना कोजागिरीच्या दुधाला बोलावलं.

ते आले. ले-आउटमधली सगळी फाटकं त्या रात्री उघडी होती. माडी त्यांनीच बांधली. आम्हाला कुणाला गाठ मारता येईना. पस्तीस घरांतल्या मुलींनी तेहतीस डबे हलवले. माझ्या नातीला एकच खिरापत ओळखता आली, भाजलेल्या शेंगदाण्यांची. पण पुण्याला जाताना तिनं विचारलं ते वेगळंच. ‘आजी, पुढच्या वर्षी धांडे कुठून आणशील?’

देवी, काळविटं, येऊ घातलेली रेल्वे हे सगळं असावंच; गाव वाढलं तर आनंदच आहे. पण शरदातली आमची मोठी गंमत घराबाहेर पडून एकमेकांकडे जाण्यात होती. ती तिकीट काढून मिळत नाही, आणि तिला लागणारं सामान जवळच्या वावरात पिकावं लागतं.

म्हणून यंदा पाऊस पडल्यावर त्या बाबांकडून मूठभर बी मागून आणलं आणि अंगणाच्या कडेला टाकलं. ज्वारी आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. कणसात दाणा भरतो आहे. सकाळी पाखरं येतात, मी हाकलत नाही. पाच धांडे राहिले तरी पुरेत. दारव्ह्यात कुणाला हवे असतील तर सांगून ठेवा. नाहीतर न विचारता तोडून न्या. मी बघितलं तरी न बघितल्यासारखं करीन.