कायदा, मोबाइल आणि मी



१९९२ साली वाशीला लोकल आली, तेव्हा आपण सहावीत होतो. पुढे त्याच लोकलने मी मुंबईला कायदा शिकायला जाऊ लागले. काही वर्षं वकिली केली आणि मग डिजिटल संवादमाध्यमांच्या अभ्यासाकडे वळले. घरचे म्हणाले, "चांगली वकिली सोडून हे काय?" आज मी दोन्ही विषय शिकवते. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं इथे बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एक उदाहरण सांगते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर मत लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं गेलं. कोणाला काय त्रासदायक वाटेल, याचं मोजमापच त्या कलमात नव्हतं. श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं.

कायद्याच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. प्रत्यक्षात त्यानंतरही त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांपर्यंत पोहोचवायला सांगितलं. २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. अफवा एका रात्रीत गावभर होते, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सात वर्षांत पोलीस चौकीपर्यंत पोहोचत नाही! मधल्या काळात ज्याच्यावर गुन्हा दाखल होतो, त्याची नोकरी, पासपोर्ट, घरच्यांची झोप, सगळंच पणाला लागतं. म्हणून निकाल लोकांपर्यंत कसा पोहोचतो, हाच माझ्या अभ्यासाचा विषय झाला.

आपल्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन मघाशी विचारत होते, "कोणी भलतंच काही टाकलं तर मला धरतील का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे, की समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट नसेल, तर सदस्याच्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. टाकणाऱ्याची जबाबदारी मात्र त्याचीच. एवढं जरूर फॉरवर्ड करा!

बाई, नागरिकशास्त्राला गुण थोडेच असायचे, तरी तुम्ही मूलभूत हक्कांचा धडा वर्तमानपत्रातली बातमी दाखवून शिकवायचात. मीही वर्गात तसंच शिकवते, फक्त बातमी आता मोबाइलवर असते.