झाडाला पाय नसतात



आज आपण सफरचंदाच्या झाडाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे सफरचंद कुठे होते? खरे आहे. पण त्या झाडाची हकिगत आपल्या आंब्याच्याही कामाची आहे. म्हणून ऐका.

हिमाचल प्रदेश हा डोंगराळ मुलूख. तिथे सॅम्युएल स्टोक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ येऊन राहिले. १९१६ च्या सुमारास त्यांनी कोटगड भागात अमेरिकेतल्या जातीची सफरचंदे लावली. फळ गोड निघाले. बाजारात भाव मिळाला. मग गावोगाव बागा झाल्या. मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने, घरावरचे पत्रे, सारे या फळावर होऊ लागले.

पण या झाडाची एक अट असते. हिवाळ्यात ते पाने गाळून झोपी जाते. त्या जुन्या जातींना सुमारे हजार तास कडक थंडी लागते. कडक म्हणजे पारा सात अंशांच्या खाली. तेवढी झोप झाली की झाड एकदम फुलते. झोप अपुरी राहिली तर फूल कमी येते, मागेपुढे येते. मग फळ कसे धरणार?

आणि आता तर हवा तापत चालली आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणसाने हवेत कर्बवायू वाढवला. हा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो. खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी एका अंशाहून जास्त तापली.

एका अंशाने काय होते? हिशेब करून बघू. डोंगर सुमारे ५०० फूट चढला की हवा एका अंशाने थंड लागते. म्हणजे हवा एक अंश तापली, तर पूर्वीची थंडी ५०० फूट वर जाऊन शोधायची!

कुलूच्या खोऱ्यात तेच झाले. खालच्या गावांतल्या कितीतरी सफरचंदाच्या बागा गेल्या. तिथे डाळिंब आले, भाजीपाला आला. आपल्याकडचे भगवा जातीचे डाळिंबही तिथे लावतात. सफरचंद मात्र वर चढले. लाहौलच्या उंच खोऱ्यात लोक बटाटा आणि वाटाणा पिकवीत. आता तिथेही सफरचंदाच्या बागा उभ्या राहत आहेत.

मग बिघडले कुठे? बिघडले ते खालच्या शेतकऱ्याचे. झाडाला पाय नसतात. पण माणूस त्याचे रोप वर नेऊन लावू शकतो. जमीन कोण उचलून नेणार? ज्याची जमीन खाली, त्याची बाग गेली. ज्याची वर, त्याचे फावले. आणि डोंगरालाही माथा असतोच की! त्यापुढे झाड कुठे जाणार?

काहींनी दुसरी वाट काढली. बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारे सफरचंद तयार केले. २०२५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आता आपल्या दारचे बघा. कोकणातल्या हापूसलाही मोहोर यायला थंडी हवी. थंडी लांबली की मोहोर लांबतो. मोहोरात पाऊस आला की तो काळा पडतो, गळतो. बागाईतदाराच्या वर्षाच्या कमाईवर पाणी पडते.

ज्वारीचे बियाणे चुकले तर पुढच्या हंगामात बदलता येते. झाड चुकले तर पंधरा-वीस वर्षे वाया जातात. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. बाजारभाव बघून घाईने बाग लावू नका. वीस वर्षांनी इथली हवा कशी असेल, तेव्हा ही जात टिकेल का, हे कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

दोन. सगळा संसार एकाच झाडावर टांगू नका. दोन-तीन जातींची झाडे लावा.

तीन. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घाला. मोहोर कधी आला, थंडी कधी पडली, अवेळी पाऊस कधी झाला, ते तारखेसह लिहा. दहा वर्षांनी तीच वही तुमच्या मुलाला सांगेल, की या रानात कोणते झाड लावावे.