अंगणवाडीची मावशी

(धुळे येथे शिशुशिक्षण आणि सेवाकार्यात रमलेले कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा शब्दांकित मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय संयोजकांनी मला विचारला, तेव्हा मी 'वनवासी पाड्यावरील अंगणवाडीची मदतनीस' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सेविका म्हणायचे आहे ना आपल्याला?" मी म्हटले, "नाही, मदतनीसच." त्यांच्या प्रश्नात वावगे काही नव्हते. मदतनीस म्हणजे झाडणारी, पाणी भरणारी, खिचडी शिजवणारी बाई, अशीच आपली समजूत असते. पत्रकारितेच्या निमित्ताने सातपुड्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे भटकंती केली, तरी माझीही समजूत बराच काळ हीच होती. ती कशी बदलली, तेवढेच आज सांगणार आहे.

आरंभ माझ्या स्वतःच्या शाळेपासून करतो. माझे बालपण पांझराकाठच्या एका खेड्यात गेले. घरात, गल्लीत, शेतात सगळीकडे अहिराणी. पहिलीत बसलो त्या दिवशी गुरुजी म्हणाले, "मुलांनो, आता मी कथा सांगतो." अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कोठे'. 'कथा जाई ऱ्हायना?' म्हणजे 'कुठे चाललास?' तेव्हा गुरुजी कोठे निघाले, हे पाहायला मी दाराकडे मान वळवली. आणखी दोघे-तिघेही दाराकडेच पाहत होते. गुरुजी खानदेशचेच असल्याने त्यांना चटकन उमगले. ते हसले आणि म्हणाले, "एक गोट सांगस तुमले." वर्ग एकदम सैल झाला. मित्रहो, त्या एका वाक्याने मी शाळेत टिकलो, असे मला आज वाटते. ते वाक्य गुरुजींना येत नसते तर?

खानदेशच्या अनेक वाणी

माझी अहिराणी मराठीला पुष्कळ जवळची आहे. सातपुड्यातील लेकराची वाट याहून लांबची असते. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या उत्तरेकडील डोंगरात पावरा बांधव राहतात. त्यांची भाषा पावरी. भिल्ल बांधवांच्या घरी भिलोरीची निरनिराळी रूपे ऐकू येतात. साक्रीच्या पश्चिम भागात कोकणी आणि मावची या जमातींच्या बोली आहेत. यावल-रावेरच्या सपाटीवर उतरावे, तर लेवा गणबोली कानी पडते. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाचा एक स्वतंत्र भाग १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यात भिल्ली आणि खानदेशी या बोलींचीच प्रामुख्याने नोंद आहे. १९०६ पर्यंत जळगाव आणि धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता. पुढे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जिल्ह्यांच्या सीमा अशा बदलत गेल्या, घरातली भाषा मात्र तीच राहिली.

तीन वर्षांचे मूल या घरातून निघून अंगणवाडीत येते. तेथे फळ्यावर मराठी, भिंतीवर मराठी, गाणे मराठीत, सूचनाही मराठीत. त्या मुलाच्या आयुष्यातील तो पहिला सार्वजनिक दिवस असतो. त्या दिवशी त्याला बोलते करणारे कोणी भेटले तर त्याचे पुढे निभावते. न भेटले तर ते गप्प बसायला शिकते. अशी गप्प बसलेली मुले पुढे चौथी-पाचवीत 'गळती' या रकान्यात सापडतात. आपण तेव्हा त्यांची कारणे शोधत बसतो.

शाळा अंगणात आली

'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. चांगली बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतील मुले येईनात. कोणाला शेळ्या राखायच्या, कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे. या दोघींनी पालकांना दोष दिला नाही. त्या साहित्य घेऊन वस्तीत गेल्या आणि त्यांनी तेथल्या अंगणातच वर्ग भरवला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. खडे, बिया, पाने, शिंपले हेच तेथले शैक्षणिक साहित्य. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, हे व्रत चालवले.

या कामाचे मर्म एका वाक्यात सांगता येते. मुलाने शाळेपर्यंत चालत यावे, ही अपेक्षा न धरता शाळेनेच मुलापर्यंत चालत जावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. प्रश्न एवढाच उरतो की, शाळा अंगणात पोहोचली खरी. पण त्या अंगणाची भाषा तिच्यासोबत पोहोचली का?

मावशीचा दिवस

काही वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्यातील एका पाड्यावर दोन दिवस मुक्काम केला होता. पाडा म्हणजे आपल्या गावासारखी दाटीची वस्ती नव्हे. पावरा कुटुंब आपल्या शेतातच घर बांधते. त्यामुळे दोन घरांच्या मध्ये एखादा नाला, एखादी टेकडी सहज येते. सेविका ताई सपाटीवरच्या गावातून येत. मदतनीस पाड्यावरचीच, चाळिशीच्या आसपासची. मुले तिला मावशी म्हणत.

पहाटे घरचे पाणी, भाकरी, गुरे आटोपून ती अंगणवाडी उघडते. झाडलोट करते, हापशावरून पाणी आणते. मग मुले गोळा करायला निघते. हे काम कागदावर अर्ध्या ओळीचे आहे. प्रत्यक्षात ती टेकड्या चढत-उतरत दारोदार जाते. एकाला कडेवर घेते, दुसऱ्याचे बोट धरते, तिसऱ्याच्या आजीला समजावते. चैत्रात मोहाची फुले पडू लागली की, सारे घर पहाटेच झाडाखाली असते. तेव्हा मावशी घराकडे जात नाही, सरळ मोहाच्या झाडाकडे जाते. कोणते कुटुंब कोणत्या झाडाखाली सापडेल, हे तिला ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्या नोंदवहीत लिहिलेले असते?

परतल्यावर हात-तोंड धुणे, नाक पुसणे, चूल किंवा शेगडी पेटवणे, गरम आहार शिजवणे, वाढणे, भांडी घासणे. वजनाच्या दिवशी रडणाऱ्या बाळाला काट्यावर बसवण्याचे कामही तिचेच, कारण ते तिच्याच हातून शांत होते. सेविका ताई बैठकीला तालुक्याला गेल्या की, केंद्रही तीच चालवते.

मी तेथे असताना एक मुलगा पाहिला, साडेतीन वर्षांचा. ताई चित्रांचे तक्ते दाखवत होत्या. आगगाडी, विमान, जहाज. बाकीची मुले ताईंच्या मागून शब्द म्हणत होती. हा मात्र ओठ मिटून बसला होता. ताई मला हळूच म्हणाल्या, "याला बोलण्याचा काही दोष असावा. महिना झाला, एक शब्द नाही." ताई कष्टाळू होत्या, त्यांची कळकळ खरी होती. एवढ्यात स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून मावशी उठली. तिने कनवटीची मक्याची मूठभर दाणे काढले, मुलासमोर टाकले आणि पावरीत काहीतरी विचारले. मुलाने एकेक दाणा बाजूला सरकवला आणि भराभर बोलू लागला. घरच्या कोंबड्या किती, पिले किती, मांजराने किती नेली, असा सारा हिशेब तो देत होता! मावशीने तो ताईंना मराठीत सांगितला. मग तीच संख्या मुलाकडून मराठीत वदवून घेतली. पहिल्यांदा तिच्या मागून, नंतर त्याची त्याने.

मुलात दोष कसलाच नव्हता. त्याच्यापर्यंत जाणारा पूल तेवढा नव्हता आणि तो पूल कोपऱ्यात खिचडी ढवळत बसला होता. मी ताईंना मनोमन वंदन करतो, कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी मावशीला मुलांच्या मधोमध बसवले आणि स्वतः खिचडीकडे पाहिले.

मान आणि मानधन

आता थोडे व्यवहाराचे बोलतो. सेवेचे गोडवे गाताना सेवकाच्या पोटाचा विसर पडू नये. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने मदतनीसांचे मानधन १,५०० वरून २,२५० रुपये केले. राज्याची भर धरून महाराष्ट्रात ते ४,४२५ होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात ५,५०० करण्याची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये आणखी वाढ मिळाली. यातील बहुतेक वाढ मागण्यांसाठी रस्त्यावर उतरल्यानंतरच पदरात पडली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणांत निर्णय दिला की, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोघींनाही १९७२ च्या उपदान कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभ मिळाला पाहिजे. त्यातील मुख्य प्रकरण दाहोदचे, म्हणजे आपल्यासारख्याच भिल्ल पट्ट्यातले. केंद्रात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जे दिले जाते, ते शिक्षणच आहे, हे न्यायालयाने तेथे मान्य केले. मदतनिशीच्या श्रमाला मिळालेली ही मोठी मान्यता होय.

भाषेच्या बाबतीतही शासनाने एक शहाणपणाचा नियम केला आहे. ज्या केंद्रातील निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज अन्य भाषा बोलतात, तेथे नेमणूक करताना त्या भाषेचे ज्ञान पाहिले जाते. पावरी आणि भिलोरी यांची नावे त्या यादीत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मातृभाषेतून शिकण्यावर भर दिला आहे. मात्र याच काळात नव्या मदतनिशीसाठी बारावी उत्तीर्ण असण्याची अट आली. शिकलेल्या मुलीला संधी मिळते, हे चांगलेच. पण मी पाहिलेली मावशी सातवीपर्यंत शिकलेली होती. उद्या तिच्या जागी येणारी मुलगी आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली असेल. तिला पाड्याची गाणी, गोष्टी, झाडांची नावे येतील का? प्रमाणपत्र आणि परंपरा या दोहोंची सांगड घालावी लागेल. नव्या मुलीने जुन्या मावशीकडून ते सारे उतरवून घ्यावे, हा त्यावरचा साधा मार्ग मला दिसतो.

आपले काय?

बंधू-भगिनींनो, शासनाकडे बोट दाखवून मी थांबलो, तर हे भाषण अपुरे राहील. आपणही पाड्यांवर जातो. दिवाळीला फराळ नेतो, कपडे वाटतो, मुलांकडून श्लोक आणि गीते पाठ करून घेतो, छायाचित्र काढून संध्याकाळी परततो. हेतू निर्मळ असतो. पण तेवढ्या दिवसात आपण त्या मुलांच्या भाषेतले किती शब्द शिकून येतो? आपण नेहमी देणाऱ्याच्या भूमिकेत आणि तो समाज घेणाऱ्याच्या, असे जोवर आहे, तोवर आपुलकी हा शब्द आपण जपून वापरावा.

म्हणून तीन छोट्या विनंत्या करतो. पहिली, पाड्यावर गेलात की मदतनिशीला तिचे नाव विचारा आणि सेविकेइतक्याच आदराने तिला सभेत बसवा. दुसरी, पाड्यावरच्या आजीकडून एक गोष्ट, एक गाणे तिच्याच बोलीत देवनागरीत उतरवून घ्या; आपल्या घरातील महाविद्यालयीन मुलांना हे काम सहज जमेल. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सांगितली जाऊ द्या. तिसरी, दिवाळीनंतर साक्रीकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि लेकरेही सोबत जातात. होळीला ती परतली की, त्यांची घडी पुन्हा बसवणारी मावशीच असते. त्या दिवसांत तिच्या हाताखाली आपल्यापैकी दोघी-तिघींनी महिनाभर काम करावे. होय, हाताखाली. मदतनिशीची मदतनीस व्हावे.

त्या पाड्यावरून निघताना मी मावशीला विचारले होते, "एवढे सारे करता, थकवा येत नाही?" ती म्हणाली, "दादा, पोरं बोलायला लागली की बरं वाटतं. गप्प पोर पाहवत नाही." एवढे बोलून ती पातेले घासायला वळली.

आपल्या खानदेशच्या डोंगरात एकही मूल केवळ भाषेपायी गप्प राहू नये, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.