लेझरचा किरण आणि आपले डोळे



गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा म्हणाला, “आई, समोर काळा ठिपका दिसतोय.” डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. म्हणून घरच्यांनी चार दिवस वाट पाहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्याचा पडदा भाजला होता. तेव्हा आम्ही ठरवलं, हा लेझर आहे तरी काय, ते समजून घ्यायचं.

बल्बचा उजेड आठवडी बाजारातल्या गर्दीसारखा असतो. ज्याची त्याची वाट वेगळी. लेझरचा उजेड दिंडीतल्या पावलीसारखा. सगळे एका दिशेनं, एका ठेक्यावर. ही शिस्त येते कुठून?

आधी पदार्थातल्या अणूंना वीज किंवा उजेड देऊन ऊर्जा भरतात. अशा अणूजवळून नेमक्या रंगाचा प्रकाश गेला, की अणू आपली ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. हा नवा प्रकाश आधीच्याच दिशेनं, त्याच ठेक्यावर चालू लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हे पुन्हा पुन्हा व्हावं म्हणून दोन टोकांना समोरासमोर आरसे बसवतात. प्रकाश त्यांच्यात येरझाऱ्या घालतो. तिरपा गेलेला निसटतो, सरळ चालणारा वाढत जातो. एक आरसा थोडा प्रकाश बाहेर सोडतो, तोच लेझरचा किरण. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर केला, तो माणकाच्या छोट्या कांडीचा. कांडीच्या टोकांवरच चांदीचा मुलामा देऊन आरसे केले होते.

एकतारीची तार दोन्ही टोकांना बांधलेली, म्हणून तिच्यात ठरावीक लाटाच बसतात. दोन आरशांमध्येही नेमक्या मावणाऱ्या लाटाच टिकतात. किरणाचा आकारही तिथेच ठरतो. आरशांची जुळणी नीट असेल, तर भिंतीवर एकच गोल ठिपका पडतो, मधे तेजस्वी आणि कडेला विरत जाणारा. जुळणी बिघडली, तर त्याच ठिपक्याचे दोन-चार तुकडे दिसू शकतात. एकसंध गोल किरण भिंगानं सगळ्यात बारीक गोळा करता येतो.

डॉक्टरांना याचाच उपयोग होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कधीकधी बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी धुरकट होते. लेझरनं तिच्यात काही मिनिटांत खिडकी करतात, टाका लागत नाही.

पण धोकाही इथंच आहे. आपल्या डोळ्यातही भिंग आहे. उन्हात भिंग धरून कागद जाळतात ना, तसंच ते लेझरचा किरण पडद्यावर एका बारीक ठिकाणी गोळा करतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. जोरदार लेझर त्याआधीच भाजून जातो. पडद्याला वेदना कळत नाही, आणि भाजलेली जागा चष्म्यानं सुधारत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, मुलांना लेझरची बॅटरी खेळायला देऊ नका. मिरवणुकीत किरण अंगावर आला तर पाहू नका, तोंड फिरवा. नंतर ठिपका किंवा धूसर दिसलं, तर घरगुती औषध न घालता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. यंदा आम्ही गटातर्फे मंडळाच्या मुलांना भेटलो, त्यांना हेच समजावलं आणि गर्दीवर लेझर सोडू नका म्हणून सांगितलं. तुम्हीही गणपतीआधीच बोला. मिरवणूक दरवर्षी येते, डोळे मात्र एकदाच मिळतात.