आमटीतला तोतया



संध्याकाळी साडेसातला कोथरूडमधल्या कुठल्याही पोळी-भाजी केंद्रासमोर जरा उभे राहा. मयूर कॉलनी म्हणा, डहाणूकर कॉलनी म्हणा, देखावा एकच. सहा पोळ्या, एक उसळ, एक आमटी. पातेल्यातली वाफाळती आमटी डावाने पातळ पिशवीत उतरते, पिशवीला गिरकी देऊन गाठ बसते आणि ती स्कूटरच्या हुकाला लोंबकळत घरी निघते. असल्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. आमटीला ते अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं अशीच आमटी आणत होतो, तेव्हा माझं बोलणं उपदेश म्हणून ऐकू नका.

या पिशवीचा मुलांच्या वाढीशी काय संबंध, ते आता पाहू. वाढीचा सगळा कारभार संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, पाहतात. मेंदूखालच्या पिच्युटरीकडून, गळ्यातल्या थायरॉइडकडून हुकूम सुटतात : हाड वाढू दे, आता थांबू दे, आता वयात येऊ दे. हुकूम आणणाऱ्याचा चेहरा ओळखून पेशी दार उघडते, आणि घोटाळा इथेच होतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा कोकणातल्या किल्ल्यांनी त्याला दरवाजे उघडलेच ना? काही रसायनं अशीच तोतया असतात. कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आणि डबाबंद अन्नाच्या डब्यांना आतून दिलेल्या लेपात बिस्फेनॉल ए असतं; ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतं. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करायला थॅलेट्स घालतात, सुगंधी प्रसाधनांतही ते सापडतात. ते पुरुष-संप्रेरकाच्या कामात आडवे येतात. बिस्फेनॉलचं सोंग काही उशिरा उघडकीला आलं असंही नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्येच त्याचा हा गुण नोंदवला होता. बिस्फेनॉलच्या बाटल्या आणि डबे त्यानंतर आले.

याच डॉड्स यांच्या प्रयोगशाळेतून १९३८ मध्ये डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन बाहेर पडलं. गर्भ टिकावा म्हणून परदेशात लाखो गर्भवतींना ते दिलं गेलं. त्या वेळी आयांना कसला त्रास जाणवला नाही. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना काही तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला. शोध घेतला तेव्हा बहुतेकींच्या आयांनी गरोदरपणी हेच औषध घेतलेलं निघालं. औषध घेतलं एका पिढीने आणि भोगलं दुसरीने, तेही वीस वर्षांनी.

आपल्या देशातलं उदाहरण कासरगोडचं. केरळच्या या उत्तर टोकाला पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरंही आहेत. तिथल्या काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बागांच्या पायथ्याच्या गावातले १० ते १९ वर्षांचे ११७ मुलगे तपासले आणि फवारणी न झालेल्या गावातल्या मुलग्यांशी ताडून पाहिले. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला : फवारणीखालच्या गावात मुलगे वयात यायला उशीर होत होता. सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली ती २०११ च्या मे महिन्यात.

आता कोणी म्हणेल, पिशवीतून उतरून उतरून उतरणार किती? प्रश्न रास्त आहे. पण वयात न आलेल्या मुलीच्या रक्तात इस्ट्रोजेन असतं मिलिलिटरमागे मोजके पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या हळू आवाजात जिथे बोलणं चालतं, तिथे बाहेरची कुजबुजही ऐकू जाते. मोठ्यांच्या शरीरात ती बरीचशी विरून जाते. गर्भात आणि पहिल्या काही वर्षांत मात्र घडणच चालू असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉल ए ची सुरक्षित मर्यादा आधीच्या मानाने वीस हजार पटींनी खाली आणली, ती उगाच नाही.

पण सगळं खापर प्लॅस्टिकवर फोडायला मी तयार नाही. लॉकडाऊनच्या काळात पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाच्या डॉक्टरांना मुली अकाली वयात येण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. त्या वर्षात रसायनं काही अचानक वाढली नव्हती. मुलं घरात कोंडली गेली होती, खेळ बंद होता, वजनं वाढली होती. म्हणजे मैदान हाही औषधाचाच भाग आहे. लवकर वयात आलेली मुलगी तिसरीत रांगेत सगळ्यांत उंच दिसते, आजी कौतुक करते. पण हाडांची टोकं लवकर जुळून येतात आणि तीच मुलगी पुढे बुटकी राहू शकते.

दिलासाही आहे. बिस्फेनॉल शरीरात साठून बसत नाही, लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेतल्या पाच कुटुंबांना तीन दिवस डबाबंद आणि प्लॅस्टिकमधलं खाणं सोडून ताजं जेवण दिलं, तर त्यांच्या लघवीतलं बिस्फेनॉल सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं. हा प्रयोग २०११ चा. आपल्याकडे दूध पाजायच्या बाटलीत बिस्फेनॉल ए नसावं असं भारतीय मानक २०१५ पासून सांगतं. मात्र ‘बीपीए-मुक्त’ या चिठ्ठीवर भाळू नका. बिस्फेनॉल ए काढून कित्येकदा त्याचंच भावंड, बिस्फेनॉल एस, घातलेलं असतं.

पातळ पॉलिथीनच्या पिशवीला बिस्फेनॉल लागतच नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण रंगीत, पुन्हा वितळवून केलेल्या पिशवीत कुठलं कुठलं प्लॅस्टिक एकत्र आलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात आमटी उकळती, वर फोडणीच्या तेलाचा तवंग, आत चिंच. प्लॅस्टिकमधलं काही बाहेर ओढून काढायचं तर याहून सोयीचं मिश्रण मला तरी सुचत नाही.

तेव्हा उद्या केंद्रावर जाताना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचं भांडं ठेवू नका. मुलांची उंची दर वाढदिवसाला भिंतीशी उभं करून मोजा आणि वहीत लिहा. मुलीमध्ये आठ किंवा मुलामध्ये नऊ वर्षं पुरी होण्याआधीच वयात येण्याची खूण दिसली, तर शेजारणीला विचारत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना ती वही बरोबर न्या.